फ्लूची साथ आणि गरोदरपण: पहिल्या तापापासून बारशापर्यंत काय करायचं

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला आणि आठवड्याभरात शहराचा नूर पालटला. शाळा, थिएटरं, मॉल बंद झाले, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. साधं पडसं झालेले आणि खरोखर फ्लू झालेले एकाच रांगेत उभे. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी ११ जूनला महासाथ जाहीर केली होती, १० ऑगस्ट २०१० ला ती संपल्याचं सांगितलं. विषाणू मात्र संपला नाही. स्वाइन फ्लूचा, म्हणजे एच१एन१ चा, तोच वाण आता नेहमीच्या फ्लूमध्ये मिसळून गेलाय आणि पावसाळ्यात आपल्याकडे फेरी मारतो.

प्रत्येक मोठ्या साथीत गर्भवतींना झळ जास्त बसते, हे शंभर वर्षांपासून दिसतंय. १९१८ च्या साथीत अमेरिकेतल्या १,३५० गर्भवती रुग्णांची माहिती गोळा केली गेली होती. त्यांतल्या २७ टक्के दगावल्या. ज्यांना न्यूमोनिया झाला त्यांतल्या तर निम्म्या. त्याच साथीने मुंबई बंदरातून आत शिरून हिंदुस्थानात कोटीभराहून जास्त माणसं नेली. २००९ मध्ये अमेरिकेत फ्लूने मेलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के गर्भवती होत्या, लोकसंख्येत त्यांचं प्रमाण जेमतेम १ टक्का असताना.

आकडे घाबरवणारे आहेत, पण त्याच २००९ च्या अभ्यासात एक कामाची गोष्ट सापडली. लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत ज्यांना विषाणूविरोधी औषध मिळालं, त्यांच्या तुलनेत चार दिवसांनंतर औषध मिळालेल्या गर्भवतींना अतिदक्षता विभागात हलवावं लागण्याचं प्रमाण सहापट होतं. औषध तेच, आजार तोच, फरक फक्त दिवसांचा. आणि आपल्या घरांत हे दिवस कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे: "या दिवसांत गोळ्या नकोत गं, काढा घे, आजच्या दिवस बघू." पुढचं सगळं हे दोन दिवस वाया जाऊ नयेत म्हणून लिहिलंय.

गरोदर बाईलाच का जड जातं

वाढत्या गर्भाशयाने श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर ढकललेलं असतं. श्वास सोडल्यावर फुप्फुसांत जी हवा शिल्लक राहते, ती शेवटच्या महिन्यांत साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते, आणि शरीराची ऑक्सिजनची गरज जवळपास तेवढीच वाढलेली असते. हृदयावर आधीच तीस ते पन्नास टक्के जादा काम. म्हणजे गंगाजळी कमी आणि खर्च जास्त. त्यात फुप्फुसाला सूज आली की एरवी आठवडाभर तग धरणारी तरुण, धडधाकट बाई एका रात्रीत ढासळू शकते. शिवाय बाळाला परकं मानून हल्ला होऊ नये म्हणून प्रतिकारशक्तीची घडी बदललेली असते, तिचाही वाटा आहे.

धोका सातव्या महिन्यापासून सगळ्यात जास्त आणि बाळंतपणानंतरचे दोन आठवडे तो टिकतो. दमा, मधुमेह, रक्तदाबाचा त्रास, लठ्ठपणा यांतलं काही असेल तर आणखी वाढतो.

बाळाचं काय, हा पहिला प्रश्न असतो. फ्लूचा विषाणू सहसा वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जात नाही. बाळाला त्रास होतो तो आईचा ताप आणि आईला कमी पडणारा ऑक्सिजन यांमुळे. पहिल्या तिमाहीत चढा ताप राहिला तर बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहण्याची शक्यता वाढते. पुढच्या महिन्यांत दिवस भरण्याआधी प्रसूती, कमी वजन आणि क्वचित पोटातच मृत्यू. २००९-१० मध्ये ब्रिटनमध्ये फ्लूमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या गर्भवतींची बाळं जन्माच्या आगेमागे दगावण्याचं प्रमाण हजारी ३९ होतं, इतर गर्भवतींमध्ये ७.

साथ यायच्या आधी: लस

महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्याचा, साधारण जुलै ते सप्टेंबर. दुसरा छोटा हंगाम जानेवारी ते मार्च. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून मे-जूनमध्ये घेतलेली बरी. जूनमध्ये राहिली तर ऑगस्टमध्येही घ्या, पण मृगाच्या आधी घेतलेली लस कामाला जास्त येते.

कोणत्या महिन्यात घ्यायची यावर डॉक्टरांमध्ये थोडा फरक दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गरोदरपणात कधीही चालते. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत देण्याची पद्धत आहे, आणि महाराष्ट्राने २०१५ पासून सरकारी रुग्णालयांतून या काळातल्या गर्भवतींना ती मोफत द्यायला सुरुवात केली. माझं मत विचाराल तर, साथ दारात असेल तेव्हा आठवडे मोजत बसू नये, आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावं की आज का नको.

एक बारीक पण महत्त्वाची बाब. गर्भवतीने दंडात टोचायची, मृत विषाणूंची लसच घ्यायची. नाकात मारायच्या फवाऱ्याच्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, ती गरोदरपणात देत नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये आणलेली नेसोव्हॅक याच प्रकारची होती. दंडावरची लस धनुर्वात-घटसर्पाच्या टीडी इंजेक्शनच्या दिवशीच दुसऱ्या दंडात घेतली तरी चालते. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी कणकण येते. लशीमुळे फ्लू होत नाही.

लस घेतल्याने गर्भपात होतो का, ही भीती नॉर्वेने २००९ च्या महासाथीनंतर मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिली. लशीने बाळ दगावण्याचा धोका वाढल्याचं दिसलं नाही; फ्लू झालेल्या गर्भवतींमध्ये मात्र तो जवळपास दुप्पट होता. दुसरीकडे बांगलादेशात गरोदरपणी लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत फ्लू होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी आढळलं. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्याला जे काही संरक्षण मिळतं ते आईकडूनच.

घरातली तयारी

यादी फार मोठी नाही. काचेचा किंवा डिजिटल ताप मोजायचा थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉलची एक पट्टी, ओआरएसच्या पुड्या, मास्कचा एक डबा. आणि माता व बाल संरक्षण कार्डासकट सगळी फाइल एका पिशवीत. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर हे फार गरजेचं आहे, कारण तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला कधी पाहिलेलंच नसतं. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथे एकदा नाव नोंदवून, तपासून घ्या. ताप आल्यावर नवं हॉस्पिटल शोधायची वेळ येऊ नये.

आणखी एक चौकशी आधीच करून ठेवा: आपल्या प्रसूतिगृहात फ्लू झालेल्या गर्भवतीला दाखल करून घेतात का? बऱ्याच छोट्या नर्सिंग होममध्ये ऑक्सिजन असतो पण व्हेंटिलेटर आणि फिजिशियन नसतो. मग ते कुठे पाठवतात? ते नाव, तो फोन नंबर आणि तिथे जायला लागणारा वेळ फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गावाकडे असाल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला हाच प्रश्न विचारा. रुग्णवाहिकेसाठी १०८, गर्भवतीला न्यायला-आणायला १०२.

साथ चालू असताना डोहाळेजेवण सातव्या महिन्यात, म्हणजे नेमकं धोका चढत असताना येतं. करूच नका असं कोणी म्हणणार नाही, सासूबाई तर मुळीच नाही. पण हॉलऐवजी गच्चीवर किंवा अंगणात, मोजक्या बायका, आणि खोकला असलेल्यांनी ओटी भरायला न येता फोनवर आशीर्वाद द्यावेत, हे आधीच सांगून टाकायचं काम नवऱ्याने करावं. गणपतीतल्या मांडवांच्या गर्दीबद्दलही हेच.

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी वेगळी सूचना. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा आढळला तो २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये. कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर गर्भवतीने खुराड्याकडे फिरकू नये, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये. अंडी-चिकन पूर्ण शिजवून खायला हरकत नाही.

ताप आला: पहिले काही तास

फ्लू आणि साधी सर्दी यांत फरक ओळखायचा ढोबळ मार्ग असा. सर्दी हळूहळू चढते, नाकापासून सुरू होते. फ्लूमध्ये सकाळी ठीक असलेली बाई दुपारी अंथरुणाला खिळते. ताप, थंडी, कोरडा खोकला, घसा, डोकं आणि सगळं अंग ठेचल्यासारखं दुखणं. काहींना उलट्या-जुलाबही होतात. ताप नसेल तर फ्लू नाही असं मात्र नाही, गरोदरपणात तो कधी बेताचाच राहतो.

घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. मग डॉक्टरांना फोन करा, त्याच दिवशी, रात्र असली तरी. थेट ओपीडीत जाऊन बसू नका. तिथे इतर गर्भवती असतात, त्यांना लागण होईल. फोनवर "ताप आलाय" एवढंच सांगितलं तर "पॅरासिटामॉल घ्या" एवढंच उत्तर मिळतं. असं सांगा: "एकतिसावा आठवडा चालू आहे. आज संध्याकाळी सहाच्या सुमारास एकदम थंडी वाजून ताप आला, १०१.६ भरला. कोरडा खोकला आहे, दम नाही. ऑक्सिजन ९७. बाळ हलतंय. मला दमा आहे. नवऱ्याच्या ऑफिसात दोघांना फ्लू झालाय. मी ऑसेल्टामिवीर सुरू करू का?" शेवटचा प्रश्न तुम्हीच विचारा; ऑसेल्टामिवीर म्हणजे फ्लूवरचं विषाणूविरोधी औषध. डॉक्टर नको म्हणाले तर कारणही विचारा.

ताप अंगात मुरू द्यायचा नाही. पॅरासिटामॉल गरोदरपणात चालतं. ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. सर्दीच्या तयार गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांत पॅरासिटामॉल असतंच आणि नकळत डोस दुप्पट होतो. वर नाक मोकळं करणारी औषधं असतात ती रक्तदाब वाढवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळायच्या, विसाव्या आठवड्यानंतर तर नक्कीच. घरात कोणाच्या तरी दातदुखीसाठी आणलेली पट्टी असतेच, ती हाताशी ठेवू नका.

आलं-तुळशीचा काढा, गरम सूप, भाताची पेज, हळदीचं दूध, काय हवं ते घ्या. घशाला बरं वाटतं, पाणी पोटात जातं. ज्येष्ठमध मात्र भरपूर घालू नका. फक्त काढा औषधाच्या जागी घेऊ नका, त्याच्या सोबत घ्या. वाफ घ्यायची तर उकळत्या पातेल्यावर वाकून नको, पुढे आलेल्या पोटावर ते कलंडायला वेळ लागत नाही.

गोळी: ऑसेल्टामिवीर

टॅमीफ्लू, फ्लुवीर अशा नावांनी मिळते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. उपचाराचा नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस बदलतो, म्हणून तो आधी सांगायचा. मळमळ हा मुख्य त्रास. जेवणानंतर घेतली की कमी होतो. दोन दिवसांत बरं वाटलं तरी पाच दिवस पुरे करायचे.

आपल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडलेत. निरोगी तरुणाला सौम्य लक्षणं असतील तर तो 'अ' गटात, गोळी नाही, चाचणी नाही. गर्भवती मात्र सौम्य लक्षणं असली तरी 'ब' गटात मोडते, आणि तिला चाचणीची वाट न पाहता गोळी सुरू करावी असं त्यात म्हटलंय. घशातल्या स्वॅबचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस जातात आणि झटपट होणाऱ्या चाचण्या बऱ्याचदा खोट्या निगेटिव्ह येतात. "आधी रिपोर्ट येऊ दे" या वाक्यातच निम्मा वेळ संपतो.

४८ तास उलटून गेलेत? तरीही घ्यायची. उशिरा घेतलेल्या गोळीचा फायदा कमी होतो, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीही, विशेषतः आजार वाढत असेल तर, होतो. गोळीने बाळात व्यंग येतं असं आजवरच्या वापरात दिसलेलं नाही.

घरात दुसऱ्या कोणाला फ्लू झालाय आणि तुम्ही त्याच खोलीत वावरताय, तर प्रतिबंधासाठी दिवसातून एकदा गोळी घ्यायची का हेही डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाची खोली वेगळी, खिडक्या उघड्या. आजारी बालवाडीतलं पोर असेल तर अवघड असतं, कारण ते आईलाच बिलगतं. त्याची जबाबदारी चार-पाच दिवस आजी किंवा बाबांनी घ्यायची, मास्क लावून.

मोजायचं काय, कसं

दर चार तासांनी तीन गोष्टी वहीत लिहा: ताप, ऑक्सिजन, श्वास.

ऑक्सिमीटर लावायच्या आधी त्या बोटाचं नेलपेंट काढा. डोहाळेजेवणाची गडद काळी मेंदी बोटांच्या टोकांवर असेल तर आकडा चुकू शकतो, मग मेंदी नसलेलं बोट शोधा. हात गार असेल तर चोळून गरम करा. बसून, हात मांडीवर ठेवून, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. गरोदरपणात तो ९५ किंवा जास्त हवा. इतरांना ९४ वर "ठीक आहे" म्हणतात, ते इथे लागू नाही.

श्वास घरातल्या दुसऱ्या कोणी मोजायचा. मोजताना गर्भवतीला सांगू नका, नाहीतर ती लक्ष देऊन श्वास घेते. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरा आणि छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. शांत बसलेली असताना २५ किंवा त्याहून जास्त भरत असेल तर निघायचं. एक वाक्य सलग बोलता येत नाही, मध्येच श्वास घ्यावा लागतो, हीसुद्धा तीच खूण. शेवटच्या महिन्यांत जिना चढताना धाप लागते ती वेगळी. पलंगावर बसल्या-बसल्या लागते ती वेगळी.

याशिवाय छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखं निळसर, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी फारच कमी होणं, पॅरासिटामॉल देऊनही न उतरणारा ताप, पोटात कळा, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, यांतलं काहीही एक असलं तरी लगेच रुग्णालय. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली तर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तरी निघा. आणि एक फसवं चित्र लक्षात ठेवा: ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा ताप आणि पिवळा-हिरवा बेडका. हा बहुधा फ्लूच्या मागून आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया, आणि त्याला अँटिबायोटिक लागतंच.

रुग्णालयात

छातीच्या एक्स-रेला नाही म्हणू नका. पोटावर शिशाचं आवरण ठेवतात आणि बाळापर्यंत पोचणारा किरणांचा अंश नगण्य असतो. न्यूमोनिया ओळखायला झालेल्या उशिराचा धोका त्याहून कितीतरी मोठा. उताणं झोपवलं असेल तर उजव्या कमरेखाली उशी सरकवायला सांगा. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवरून हलतो. फ्लू झाला म्हणून सिझेरियनच करावं लागतं असं नाही. तो निर्णय आईचा श्वास आणि बाळाचे ठोके पाहून होतो. दिवस भरण्याआधी प्रसूतीची शक्यता दिसली तर बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. नातेवाइकांपैकी एकानेच आत थांबावं, आणि ती व्यक्ती म्हातारी किंवा दुसरी गर्भवती नसावी.

बाळ झाल्यावर

आईला फ्लू असतानाही अंगावरचं दूध चालू ठेवायचं. दुधातून फ्लू जात नाही, उलट प्रतिपिंडं जातात. ऑसेल्टामिवीर चालू असतानाही चालतं. पाजताना मास्क, आधी हात साबणाने स्वच्छ, खोकला आला तर तोंड फिरवून. आई फारच आजारी असेल तर दूध काढून वाटी-चमच्याने दुसऱ्या कोणी पाजावं. पाजणं सोडून बाकी वेळ, ताप उतरून चोवीस तास होईपर्यंत, पाळणा सहा फुटांवर.

बाळाला न्हाऊ-माखू घालायला येणारी बाई दिवसात चार-पाच घरं करते. तिला खोकला असेल त्या दिवशी आंघोळ राहू दे, पैसे कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही. बारसं बाराव्या दिवशी येतं, आईच्या त्या जोखमीच्या दोन आठवड्यांतच. साथ जोरात असेल तर नाव त्या दिवशी घरच्या घरी ठेवा आणि पाहुण्यांना सव्वा महिन्यानंतर बोलवा. पापे घेणाऱ्या आत्या-मावश्यांना आवरणं ज्याला जमतं त्याला दारात उभं करा. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाचं अंग १००.४ च्या वर तापलं, ते दूध ओढेना किंवा सुस्त पडलं, तर फ्लू आहे की आणखी काही याचा घरी अंदाज न बांधता त्याच तासात बालरोगतज्ज्ञांकडे न्या.